गणिताचे अध्यापन आणि संगणक : सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक चिकित्सा

महाविद्यालयीन गणिताच्या अध्यापनात संगणकाचा वापर किती होतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सामान्यतः आकड्यांत दिले जाते. प्रयोगशाळेत संगणक किती, किती वर्गांत प्रोजेक्टर बसविले, इंटरनेटचा वेग किती, किती प्राध्यापकांनी उजळणी वर्ग पूर्ण केले, अशी ही मोजणी असते. नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीनंतर तर असे तक्ते भरणे हे प्रत्येक विभागाचे नित्यकर्म होऊन बसले. हे आकडे निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु त्यांवरून एक गोष्ट कळत नाही. संगणक आल्यामुळे त्या वर्गात गणिताचा असा कोणता प्रश्न विचारला गेला, जो केवळ खडू-फळ्याच्या आधारे विचारता आला नसता? प्रस्तुत लेखात ही एकच कसोटी लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही १९४७ मधील. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. माण, खटाव, जत, आटपाडी अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतून आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधर ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या या महाविद्यालयांतून गणित शिकून बाहेर पडल्या. त्यांच्यापाशी साधने होती ती क्लार्कचे कोष्टक आणि आलेख-कागद. त्या काळाचे गोडवे गाण्याचा हेतू येथे नाही. कोष्टकात लॉगरिथम पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते कोष्टक कसे तयार झाले हे क्वचितच सांगितले जाई. साधन हाती देऊन त्याचे गणित झाकून ठेवण्याची सवय संगणकापेक्षा जुनी आहे, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

फळा आणि पडदा

वर्गात प्रथम आला तो प्रोजेक्टर. इतिहास वा भूगोलाच्या वर्गात त्याचे स्वागत योग्यच होते. गणिताच्या वर्गात त्याने एक हानी केली, जिची पुरेशी चर्चा झालेली नाही. सिद्धता ही काळात घडणारी गोष्ट आहे. फळ्यावर प्रमेय सिद्ध करताना शिक्षक एका ओळीवर थांबतो, मागे वळतो, वर लिहिलेल्या गृहीतकाकडे बोट दाखवितो आणि पुढे जातो. विद्यार्थ्याची लेखणी खडूच्या वेगाने चालते. हा वेग विचाराच्या वेगाला बराच जवळचा आहे. स्लाइडवर मात्र सिद्धता तयार होऊन येते. सात ओळी एकदम उजळतात, विद्यार्थी त्या उतरवून घेऊ लागतो, आणि तिसऱ्या ओळीतून चौथी का निघाली हे विचारण्याआधीच पुढची स्लाइड येते. पाठ्यपुस्तकाचेच पान भिंतीवर मोठे करून दाखविणे यापलीकडे तेथे काही घडत नाही.

त्याच पडद्याचा अगदी वेगळा उपयोग संभवतो. अखंडता आणि एकसमान अखंडता यांतील भेद हा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना हमखास अडविणारा विषय. दोन्ही व्याख्यांत तीच चिन्हे असतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. इंग्रजी वाक्याची घडणच पुरती अंगवळणी न पडलेल्या विद्यार्थ्याला हा क्रमबदल दिसतच नाही. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग येथे ज्याचा आरंभ केला ते जिओजेब्रा हे मोफत साधन येथे घ्यावे. शून्य ते एक या विवृत अंतरालावर एक भागिले क्ष या फलनाचा आलेख काढावा, एप्सिलॉनची पट्टी एकाच रुंदीची, म्हणजे १ ठेवावी आणि बिंदू हळूहळू शून्याकडे सरकवावा. बिंदू ०.५ वर असताना चालणारा मोठ्यात मोठा डेल्टा सुमारे ०.१६७ असतो, बिंदू ०.१ वर येताच तो ०.००९ होतो, ०.०१ वर तो ०.०००१ पेक्षाही कमी उरतो. सर्व बिंदूंना पुरून उरेल असा एक डेल्टा नाही, हे विद्यार्थी स्वतःच म्हणतो. त्यानंतर फळ्याकडे वळून सिद्धता लिहावी. चित्राने सिद्धता झाली असे नव्हे; कशाची सिद्धता हवी आहे, हे मात्र चित्राने कळले. विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइलवरही हे चालते, हा आपल्या परिसरात लहान लाभ नाही.

प्रयोगशाळा : नाव आणि वस्तुस्थिती

शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी. गणिताच्या प्रात्यक्षिकांना दीर्घकाळ ‘कॉम्प्युटेशनल मॅथेमॅटिक्स लॅबोरेटरी’ असे नाव होते. गणितालाही प्रयोगशाळा असू शकते, हा विचार या नावात आहे आणि तो स्वागतार्ह आहे. तथापि प्रारंभीच्या वर्षाची प्रात्यक्षिके पाहिली, तर द मॉयव्हरच्या प्रमेयाचे उपयोजन, केली-हॅमिल्टन प्रमेय, मध्यमान प्रमेये असेच घटक त्यांत प्रामुख्याने आढळत. विद्यार्थी ते कागदावर सोडवीत, वहीत उतरवीत आणि सही घेत. म्हणजे प्रयोगशाळेच्या नावाखाली चाललेला तो सरावाचा तास होता. वरच्या वर्गांत संख्यात्मक पद्धती आल्या; कधी सी भाषा, कधी सायलॅब, आणि अलीकडे पायथन यांचा प्रवेश झाला.

येथे खरी अडचण सुरू होते. न्यूटन-रॅफसन, सिम्प्सनचा एकतृतीयांश नियम, रुंगे-कुट्टा या पद्धतींचे प्रोग्रॅम विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत टंकित करतात, उत्तर पडद्यावर येते आणि गुण मिळतात. उत्तर बरोबर येईल अशीच उदाहरणे निवडलेली असतात. क्ष घन वजा दोन क्ष अधिक दोन या बहुपदीचे मूळ न्यूटनच्या पद्धतीने काढताना आरंभ शून्यापासून केला, तर पुढची किंमत एक येते, त्यापुढची पुन्हा शून्य, मग पुन्हा एक; प्रोग्रॅम जन्मभर चालला तरी मूळ सापडणार नाही. एवढे एक उदाहरण यादीत असते, तर पद्धत चालण्याच्या अटी पुस्तकात का दिलेल्या असतात, हे सांगण्यासाठी वेगळे व्याख्यान लागले नसते. प्रात्यक्षिकातून अपयश वगळले गेले आणि त्याबरोबर गणितही वगळले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याहून अर्थपूर्ण उदाहरण प्रथम वर्षाच्याच अभ्यासक्रमात पडून आहे. (१ + १/न) या संख्येचा न-वा घात घ्यावा आणि न वाढवीत जावे. सीमा ई, म्हणजे २.७१८२८१८२८... ही सर्वज्ञात गोष्ट. पायथनमध्ये दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून हे करून पाहावे. न ची किंमत दहा हजार घेतली की २.७१८१४५९ येते. दहा कोटीला २.७१८२८१८० येते, विद्यार्थ्याचे समाधान होते. न ला दहाचा बारावा घात दिल्यावर मात्र २.७१८५२३ येते, म्हणजे उत्तर सुधारण्याऐवजी बिघडू लागते. पंधराव्या घाताला ३.०३५ येते. सोळाव्या घाताला येते नेमके १.

वर्गात हा तक्ता पडद्यावर ठेवून शिक्षकाने काही काळ काहीच बोलू नये. प्रमेय खोटे की यंत्र खोटे? हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहणे, हीच संगणकाने गणिताच्या अध्यापनाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी आहे. उत्तर अवघड नाही. यंत्रात संख्या बावन्न द्विमान अंकांच्या अपूर्णांकात साठविली जाते. त्यामुळे १ च्या पुढची लगेचची संख्या १ पेक्षा सुमारे २.२२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात एवढी मोठी असते; मधल्या संख्या यंत्रापाशी नाहीतच. १ मध्ये दहाचा उणे पंधरावा घात मिळविला, तर यंत्र तो अशा साडेचार पायऱ्यांऐवजी पाच पायऱ्या धरते, म्हणजे प्रत्यक्षात १.११ पट मिळविते. आता ई चा १.११ वा घात काढून पाहावा : ३.०३५. चुकीचे उत्तरही नियमाने चुकलेले निघते. आणि दहाचा उणे सोळावा घात अर्ध्या पायरीपेक्षाही लहान असल्याने तो १ मध्ये विरून जातो. १ चा कोणताही घात १ च.

कोणत्याही दोन वास्तव संख्यांच्या दरम्यान आणखी एक वास्तव संख्या असते, हे वाक्य वास्तव विश्लेषणाच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच येते. विद्यार्थी ते उतरवून घेतो, कारण त्यात शंका घेण्याजोगे त्याला काही दिसत नाही. हे वाक्य ज्या संख्याविश्वात खोटे ठरते असे विश्व त्याच्यासमोर ठेवल्याशिवाय त्याचे महत्त्व कळणार कसे? आणि ते विश्व प्रयोगशाळेत, चार भिंतींपलीकडे, वापराविना उभे असते. वेळापत्रकात विश्लेषणाचा तास सकाळी आणि प्रात्यक्षिक दुपारी असते. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकच प्राध्यापक घेतात, तरीही या दोन तासांची एकमेकांशी ओळख नसते.

हरात्मक श्रेणीचेही असेच आहे. सी भाषेत फ्लोट प्रकारात एक, एकद्वितीयांश, एकतृतीयांश अशी बेरीज करीत गेल्यास सुमारे एकवीस लाख पदांनंतर ती १५.४ च्या आसपास थांबते आणि पुढे कितीही पदे मिळविली तरी हलत नाही. प्रोग्रॅमवर विश्वास ठेवणारा विद्यार्थी श्रेणी अभिसारी आहे असे लिहील. चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी पदांचे गट पाडून दिलेली दोन ओळींची सिद्धता येथे यंत्राला खोटे पाडते. ही सिद्धता यंत्राच्या उत्तरानंतर शिकविली, तर ती विद्यार्थ्याला निकालासारखी वाटेल. आधी शिकविली तर नेहमीसारखी पाठांतराची बाब.

मर्यादित आणि अमर्याद

यावरून यंत्राच्या पडताळणीला गणितात स्थानच नाही असा समज होऊ नये. देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करीत गेल्यास, सर्व अंक समान नसतील तर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. आरंभी शून्ये धरून अशा संख्या ९,९९० आहेत. दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम त्या सर्व तपासतो आणि ही तपासणी म्हणजे पूर्ण सिद्धता होय, कारण एकही शक्यता उरत नाही. याउलट चारपेक्षा मोठी अथवा चारएवढी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही गोल्डबाखची अटकळ चारावर अठरा शून्ये एवढ्या संख्येपर्यंत संगणकाने तपासली गेली आहे, तरी ती अटकळच आहे. हे दोन प्रयोग एकाच तासाला शेजारी-शेजारी ठेवले, तर सिद्धता म्हणजे काय याविषयी जे कळते ते तर्कशास्त्राच्या प्रकरणातून क्वचितच कळेल.

कापरेकरांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी घ्यावे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क) एवढीच येते. म्हणजे ९,९९० संख्या तपासण्याची गरज नाही. फक्त दोन फरकांच्या जोड्या तपासायच्या, आणि त्या भरतात ५४. एवढे काम फळ्यावरही होते. विद्यार्थ्याने आधी यंत्राकडून ९,९९० वेळा काम करवून घ्यावे आणि मग ते ५४ वर आणावे. १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता दिली, तेव्हा त्यांनीही तत्त्वतः हेच केले होते : अनंत नकाशांचा प्रश्न विचाराने मर्यादित प्रकारांवर आणला आणि उरलेले यंत्रावर सोपविले.

कोयना आणि इर्विन पूल

अवकल समीकरणांच्या पुस्तकांतील टाकीचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. टाकीत अमुक गॅलन मिठाचे पाणी आहे, इतक्या वेगाने येते, इतक्या वेगाने जाते. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला गॅलन ठाऊक नाही, परंतु टीएमसी आणि क्युसेक हे शब्द तो दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर सुमारे ११,५७४ क्युसेक प्रवाह दिवसभर राहिल्यास एक टीएमसी होते. समजा धरणात १५ टीएमसी जागा शिल्लक आहे आणि ५०,००० क्युसेक पाणी येत आहे. काहीच सोडले नाही, तर साडेतीन दिवसांत धरण भरते. ३०,००० क्युसेक सोडले, तर ही मुदत सुमारे पावणेनऊ दिवसांपर्यंत लांबते. साठ्याचा अवकलज म्हणजे आवक वजा विसर्ग. आवक पावसावर अवलंबून असल्याने तिचे सूत्र नाही. म्हणून समीकरण हाताने सुटत नाही आणि ऑयलरच्या पद्धतीने, एकेक दिवसाची पायरी घेऊन, एक्सेलच्या साध्या तक्त्यावर सोडवावे लागते. संख्यात्मक पद्धतीची गरज का आहे, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

हाच प्रश्न खाली सांगलीपर्यंत नेता येतो, आणि तेथे तो अवघड होतो. कोयना कराडला कृष्णेला मिळते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला येऊन मिळते. वारणेचे पाणी फुगले, तर कृष्णेचे पाणी शहराजवळ तुंबते. इर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. विसर्ग आणि पातळी यांचा संबंध रेषीय का नसतो, वरचे पाणी खाली पोचण्यास लागणारा काळ समीकरणात कसा आणावा, दैनिक आकड्यांवर आधारलेला अंदाज तासाच्या निर्णयाला पुरेल काय, हे प्रश्न तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी योग्य आहेत. यांचे पूर्ण उत्तर पदवीच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षित नाही. परंतु पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांत पूर पाहिलेल्या मुलाला आपले गृहीतक चुकले तर उत्तर किती फुटांनी चुकते हे मोजता येणे, ही गणिताच्या शिक्षणाकडून फार मोठी अपेक्षा नव्हे. पूरकाळात राजकीय व्यासपीठांवर याच आकड्यांचा जो मुक्त वापर होतो, त्याकडे तो मग निराळ्या नजरेने पाहील, हे ओघाने आलेच.

काही आक्षेप

वेळ नाही, हा आक्षेप सर्वप्रथम येतो आणि तो खरा आहे. पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला दोन-तीन महाविद्यालयांत धावावे लागते, आणि सत्र पद्धतीत अध्यापनाचे आठवडे कमी पडतात. याला तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही. खर्चाचा आक्षेप मात्र आता टिकत नाही. सायलॅब, पायथन, सेज, जिओजेब्रा ही सर्व साधने विनामूल्य आहेत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात त्यांपैकी काहींचे मराठी पाठही उपलब्ध आहेत. स्वावलंबी शिक्षणाचे ब्रीद सांगणाऱ्या परिसराने लाखो रुपयांच्या परवानाधारक प्रणालींची वाट पाहत बसावे, हे विसंगत आहे.

तिसरा आक्षेप गेल्या काही वर्षांतला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि प्रोग्रॅम लिहून देणारे साधन प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचले. आता प्रात्यक्षिकाला अर्थ काय, असे विचारले जाते. पाठ केलेला प्रोग्रॅम टंकित करणे एवढाच प्रात्यक्षिकाचा अर्थ असेल, तर तो संपला आहे हे मान्य करावे. त्याबद्दल खेद करण्याचे कारण दिसत नाही. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षांनी उत्तरापुरते गणित शिल्लक ठेवले होते. आता उत्तरही यंत्राकडे गेले.

राहता राहिली मूल्यमापनाची बाब. अभ्यासक्रम बदलण्यास अभ्यास मंडळ लागते, प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलण्यास त्याहून अधिक सोपस्कार लागतात. मात्र प्रात्यक्षिकाच्या वेळी होणारी तोंडी परीक्षा परीक्षकाच्या हाती असते. बहुधा ती व्याख्या विचारण्यात संपते. विद्यार्थ्याला दोन ओळींचा प्रोग्रॅम चालवू द्यावा, पडद्यावर ३.०३५ येऊ द्यावे, आणि हे उत्तर बरोबर आहे का, नसल्यास ते ३.०३५ च का आले, एवढेच त्याला विचारावे. त्याला वहीही उघडू द्यावी आणि मोबाइलही.